लाँचवरचे दोन लाल बाटले

हरिहर दांडेकर चिंचवडच्या कंपनीत आले ते देहूरोडच्या लष्करी डेपोतली नोकरी सोडून. तिथे बारा वर्षं ते आग विझवणाऱ्या दलात होते. दारूगोळ्याच्या कोठारांशेजारी बारा वर्षं काढलेल्या माणसाला काही सवयी लागतात, तशा त्यांनाही लागल्या होत्या. कुणाच्या घरी गेले तर आधी मागचं दार कुठे आहे ते बघत. थिएटरात कडेची खुर्ची धरत. कंपनीत त्यांना फायर इन्स्पेक्टर म्हणत आणि आग विझवायचे तीनशे बारा लाल बाटले त्यांच्या ताब्यात होते. तीनशे दहा भिंतींवर टांगलेले. उरलेले दोन लाँचवर.

लाँच म्हणजे पवनेवरची कंपनीची पेट्रोल इंजिनाची बोट. पंपहाउसच्या जाळीत अडकलेली जलपर्णी ओढून काढायची, बंधाऱ्याची पाहणी करायची आणि कुणी बडा पाहुणा आला तर त्याला नदीतून एक फेरी मारून आणायची, एवढं तिचं काम. ती चालवायचा भैरू. नदीकाठच्या रहाटणी गावचा. त्याच्या वडिलांची, आबाजींची, नदीवर होडी होती. पलीकडच्या गिरणीत दळण न्यायचं तर आबाजींना हाक मारावी लागे. पूल झाला, होडी बंद पडली. काठावरची जमीन कंपनीच्या पंपहाउसात गेली आणि त्या बदल्यात भैरूला लाँच मिळाली. पन्नाशीचा, काळाकभिन्न, कमी बोलणारा माणूस. अक्षरओळख नाही, पण पाण्याच्या रंगावरून खोली सांगायचा.

पहिल्याच महिन्यात दांडेकर तपासणीला लाँचवर गेले तेव्हा भैरू शेजारी येऊन उकिडवा बसला.

"सायेब, ह्ये बाटलं तुमी बघताय ते काय बघताय? मला बी दावा. हितं तर मीच असतोय."

दांडेकरांना बरं वाटलं. कारखान्यातल्या तीनशे दहा बाटल्यांबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. लोक त्यांच्यावर डबे टांगायचे, टोप्या अडकवायचे. त्यांनी बाटला खाली काढला आणि दाखवायला सुरुवात केली.

"भिंतीवरचा बाटला आणि बोटीवरचा बाटला एक नव्हे, भैरूबा. हा इंजिनाशेजारी दिवसभर थरथरतो. आतली पावडर दाबली जाऊन बुडाशी घट्ट बसते. त्यात नदीची ओल. भिंतीवरचा दोन वर्षं निघतो, तो इथं एका पावसाळ्यात मरतो. म्हणून हा दर महिन्याला उलटा करायचा, कानाशी धरायचा आणि हलवायचा. पिठासारखी सळसळ आली तर जिवंत. धपकन ढेकूळ आपटलं, किंवा काहीच आवाज आला नाही, तर मेला."

मग बाटल्याच्या तोंडात काडी घालून दाखवली. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, ते फोडायचं. बुडाला गंज चढलाय का ते बोटाने चाचपायचं. आणि शेवटी झाकण उघडून आतली गॅसची छोटी नळी. तिला भैरू पहिल्या दिवसापासून काडतूस म्हणू लागला. बाटल्याच्या वरच्या गोळ्यावर मूठ मारली की तिचं तोंड फुटतं आणि तोच वायू पावडर बाहेर फेकतो. तो वायू नकळत झिरपतो. वरून काही कळत नाही. वजन करावं लागतं. दहावा हिस्सा घटला की काडतूस टाकून द्यायचं.

"वजनाचा आकडा मला कुठला वाचाया यायला," भैरू म्हणाला.

दांडेकरांनी वर्कशॉपमधून घासून घासून एक लोखंडी बोल्ट करवून घेतला. नव्या काडतुसाच्या वजनातून दहावा हिस्सा वजा करून उरेल तेवढाच जड. "दुकानातल्या तराजूत एका पारड्यात हा, दुसऱ्यात काडतूस. काडतूस खाली गेलं तर ठीक. बोल्ट खाली गेला तर मला येऊन सांगा."

त्यानंतर सहा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रहाटणीच्या किराणा दुकानात भैरू गूळ-शेंगदाण्याच्या तराजूवर दोन काडतुसं जोखत असे. दुकानदार हसायचा. दांडेकर येऊन कार्डावर सही करत. बाटल्याच्या गळ्यात तारेने बांधलेलं ते पुठ्ठ्याचं कार्ड. महिना, तारीख, शेरा, सही. त्यांची एकही सही खोटी नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. आपल्या पत्नीला, चारुलताबाईंना, जेवताना ते बाटल्यांच्या गोष्टी सांगत. त्या निगडीच्या शाळेत चौथीला शिकवत. "तुमच्या वर्गात तीनशे बारा मुलं, माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस," त्या म्हणायच्या, "आणि तुमची एकही दंगा करत नाहीत."

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरात, भैरू सकाळी सकाळी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. एका हातात रुमालात बांधलेली काडतुसं, दुसऱ्यात बोल्ट.

"बोल्ट खाली बसतोय, सायेब. दोनी काडतुसांला. आन् पावडर बी हालत न्हाई. दगड झालीया."

दांडेकरांनी त्याच दिवशी नवे बाटले मागवणारा कागद भरला. आठ दिवसांनी तो परत आला. कोपऱ्यात खरेदी खात्याचा शेरा होता: 'लाँच कोणत्या खात्याकडे?' शोध घेतल्यावर असं निघालं की लाँच कारखान्याची नव्हतीच. कागदावर ती अतिथिगृहाची होती. अतिथिगृहवाल्यांनी लिहिलं, सुरक्षेची उपकरणं आमच्याकडे येत नाहीत. दांडेकरांनी पुन्हा कागद भरला. पुन्हा परत आला. ऑक्टोबरात तिसऱ्यांदा भरला आणि तो घेऊन स्वतःच कारखाना व्यवस्थापक सुरेंद्र कर्णिकांच्या खोलीत गेले.

कर्णिक वयाने त्यांच्याहून लहान, हुशार, नेहमी हसतमुख. त्यांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"दांडेकर, होईल हो. पण आत्ता नको. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या मुख्य ऑफिसातून तपासणीला लोक येताहेत. यंदा सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल आपल्याला मिळायचीच. आत्ता हा कागद फाइलीत गेला तर त्यावरच बोट ठेवतील."

"मग निदान पेंट शॉपमधले दोन लाँचवर लावतो. तात्पुरते."

"आणि पेंट शॉपमध्ये त्यांनी मोजले तर? तिथं तर ते मोजणारच." कर्णिक हसले. "लाँच त्या दिवशी धक्क्याला बांधलेली असेल. कुणी तिच्यात पाऊलसुद्धा ठेवणार नाही. तुम्ही फक्त दोन्ही कार्डं पुरी करून टाका. ढाल मिळाली की दुसऱ्या दिवशी नवे बाटले. माझा शब्द."

दांडेकर उभेच राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. पण कर्णिकांनी फोन उचलला होता.

त्या संध्याकाळी ते लाँचवर गेले. भैरू घरी गेला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दोन्ही कार्डांवर सप्टेंबर नि ऑक्टोबरच्या रकान्यात लिहिलं, 'ठीक.' खाली सही. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

ढाल मिळाली. नवे बाटले आले नाहीत. दांडेकरांनी कर्णिकांना एकदा आठवण केली, मग दिवाळी आली, मग फाउंड्रीत एक लहानशी आग लागली आणि तिच्यात पंधरा दिवस गेले. नोव्हेंबरच्या तपासणीला ते लाँचवर गेले तेव्हा वर 'ठीक' लिहिलेलं होतं. खाली 'मृत' लिहिलं असतं तर वरच्या सहीचं काय, हा प्रश्न आला असता. त्यांनी पुन्हा 'ठीक' लिहिलं. भैरू शेजारी उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण पेनाची हालचाल सहा वर्षांची ओळखीची होती.

"आलं व्हय नवं?" त्याने विचारलं.

"येताहेत."

माणूस एकदा सही करून बसला की हळूहळू त्याचा स्वतःच्या सहीवर विश्वास बसायला लागतो. डिसेंबर उजाडेपर्यंत दांडेकरांच्या मनात ते दोन बाटले मेलेले राहिले नव्हते, नुसते जुने झाले होते.

कंपनीचा वर्धापनदिन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. कामगारांची, कारकुनांची, साहेबांची सगळ्यांची कुटुंबं यायची. मांडव, जिलबी, पोत्यांच्या शर्यती. यंदा कर्णिकांच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली होती, ती म्हणजे बायकामुलांना लाँचमधून फेरी. सकाळी निघताना चारुलताबाईंनी साडीचा पदर खोचत विचारलं, "मी बसू ना हो बोटीत? शेजारच्या बायका बसणार म्हणताहेत."

"बस की," दांडेकर म्हणाले.

नऊ वाजता भैरू मांडवापाशी त्यांना शोधत आला. अंगात कंपनीने दिलेला नवा पांढरा शर्ट.

"सायेब, बाटलं अजून त्येच हायती. आज बायामाणसं बसणार, ल्हान ल्हान पोरं."

"आजचा दिवस निभावून न्या, भैरूबा. सोमवारी मी स्वतः बदलतो."

भैरू क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं," आणि गेला. पुढे कळलं की जाताना त्याने पंपहाउसातून दोन गोणपाटं उचलली, नदीत भिजवली आणि इंजिनाच्या फळीशेजारी ठेवून दिली.

तिसऱ्या फेरीत आग लागली. पेट्रोलच्या नळीचा सांधा सुटला होता, असं नंतर निघालं. लाँच बंधाऱ्याच्या वर, नदीच्या मधोमध. आत अकरा जणी आणि सात मुलं. चारुलताबाई पुढच्या बाकावर तोंड मागे करून बसल्या होत्या, म्हणून त्यांना सगळं दिसलं. आधी फळीच्या फटीतून धूर. मग भप्पकन ज्वाळा. बायका किंचाळल्या, सगळ्या एका बाजूला सरकल्या आणि लाँच कलली.

"हालू नगा! बसल्या जागी ऱ्हावा!" भैरू ओरडला. त्याने पहिला बाटला ओढून काढला, खिळा उपटला, वरच्या गोळ्यावर मूठ मारली. फुस्स झालं. चिमूटभर पांढरी भुकटी उडाली आणि थांबली. त्याने तो टाकला, दुसरा घेतला, मूठ मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्याने तो नदीत भिरकावला नाही, शिवी दिली नाही; खाली ठेवला आणि भिजकी गोणपाटं उचलून ज्वाळेवर टाकली. त्यांच्यावर दोन्ही हातांनी दाब देऊन तो वाकला. गोणपाटांतून वाफ निघाली. पण सुकाणूचा दांडा इंजिनाच्या मागेच होता आणि लाँच प्रवाहाने बंधाऱ्याकडे सरकत होती. त्याने दांडा धरला. लोखंडी दांडा. गोणपाटाच्या कडेने आग पुन्हा वर आली, त्याच्या बाह्यांना लागली, तरी त्याने हात काढला नाही. लाँच काठाकडे वळली, चिखलात रुतली.

"उड्या टाका! पानी कमरंइतकंच हाय! पोरं खांद्यावं घ्या!"

सगळ्या उतरल्या. अठरा जणांपैकी एकाच्याही अंगाला चटका लागला नाही. भैरूला शेवटी काठावरून धावत आलेल्या दोघांनी ओढून पाण्यात घेतलं, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत जळून गेले होते. पंजे दांड्याला चिकटले होते, ते सोडवावे लागले.

दांडेकर मांडवातून धावत आले तेव्हा चारुलताबाई चिखलात बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाटले चालले नाहीत हो."

चौकशी आठ दिवसांत बसली. मुंबईहून आलेले दोन अधिकारी आणि कामगारांच्या वतीने युनियनचे सोपानराव. आदल्या दिवशी कर्णिकांनी दांडेकरांना बोलावलं. चहा मागवला. आज ते हसत नव्हते.

"मी तुम्हाला काही सांगणार नाही, दांडेकर. तुम्ही सुज्ञ आहात. फक्त एवढंच बघा, की कार्डांवर सही तुमची आहे. माझी सही कुठंही नाही."

"तुम्ही सांगितलंत म्हणून..."

"मी काय सांगितलं? कधी? कुणासमोर?" कर्णिकांनी कप पुढे सरकवला. "खोटी तपासणी लिहिली म्हणून उद्या नोकरी गेली तर देहूरोडवाले परत घेतील तुम्हाला? नाही घेणार. पोलिसांत प्रकरण गेलं तर आणखीच. आणि त्याने भैरूचे हात परत येतात असंही नाही."

दुसऱ्या दिवशी लांब टेबलाच्या टोकाशी दांडेकर उभे राहिले. टेबलावर जळकट वासाची ती दोन कार्डं होती. वरचा अधिकारी चष्म्यातून ती वाचत होता.

"सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तिन्ही महिने ठीक. ह्या सह्या तुमच्या?"

"हो."

"म्हणजे उपकरणं सुस्थितीत होती?"

खोलीत पंखा फिरत होता. सोपानराव त्यांच्याकडे बघत होते.

"होती."

"मग चालली का नाहीत?"

या प्रश्नाला 'सांगता येत नाही' एवढं उत्तर पुरलं असतं. कुणी त्यांना त्याहून जास्त मागितलं नव्हतं, कर्णिकांनीसुद्धा नाही. पण गप्प राहिलं तर पुढचा प्रश्न येईल, या भीतीने त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अशा वेळी माणूस घाबरतो. मूठ नीट बसत नाही. हाताळणीत चूक होऊ शकते."

अधिकाऱ्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

निकालाचा कागद सूचना फलकावर लागला. 'उपकरणे तपासलेली व सुस्थितीत. चालकाने घाबरून चुकीची हाताळणी केल्यामुळे निकामी.' त्या दिवशी दांडेकर घरी आले तर चारुलताबाईंनी वह्या तपासायला घेतल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं आहे का मी ऐकलं ते? तुम्ही सांगितलंत तो घाबरला म्हणून?"

"तसं नाही. मी म्हटलं, माणूस घाबरू शकतो."

"मी तिथं होते." त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "मी घाबरले होते. सगळ्या घाबरल्या होत्या. तो नव्हता घाबरला. तुम्ही शिकवलंत तसंच केलं त्याने, एकेक गोष्ट. मी बघितली त्याची मूठ. दोनदा मारली."

मग दांडेकरांनी चारुलताबाईंना सगळं सांगितलं; कागद, कर्णिक, पेन, तीन महिन्यांच्या सह्या, त्या सकाळी भैरू मांडवात आला होता तेही. सांगून संपल्यावर त्या म्हणाल्या, "आणि मी विचारलं तेव्हा मला म्हणालात, बस की."

नोकरी जाईल, ते म्हणाले. घर कंपनीचं आहे, म्हणाले. त्या म्हणाल्या, माझा पगार आहे, दोन खोल्या भाड्याने मिळतात. तरी कागद लिहायला त्यांना सात आठवडे लागले. रोज लिहायचं ठरवत, रोज काहीतरी निघे. शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी चार पानं लिहिली, काहीही न लपवता. मुंबईच्या ऑफिसला पाठवण्याआधी भैरूला वाचून दाखवावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. कदाचित त्याने क्षमा करावी अशी आशा असेल.

रहाटणीत भैरूचं घर नदीकडच्या अंगाला. ओट्यावर तो भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे. हात म्हणजे गुलाबी, चकाकणारे दोन गोळे. बोटं एकमेकांत मिसळून गेलेली. त्याची बायको शालनबाई त्याला भाकरीचा घास भरवत होती. दांडेकरांना बघून ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दांडेकरांनी पानं काढली आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर भैरूने मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. मला म्हाईत हाय समदं. कार्डावं पेन चालताना मी बघतच व्हतो की."

"हे मी उद्या मुंबईला पाठवणार आहे. तुमची चूक नव्हती हे त्यांना लिहून द्यावं लागेल."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"न्हाई. पाठवू नगा."

"का?"

"सोपानराव आलं व्हतं मागल्या म्हैन्यात. त्येंनी कंपनीसंगं मिटवलं. आमची पोरगी रंभा हाय न्हवं, नवऱ्यानं टाकलेली, तिला कॅन्टीनात लावून घेतलीया. पयल्या तारखेपासून जातीया. कायम होनार हाय. त्याच्या बदली मी कागुद करून दिलाय, की बाटला मला चालवता आला न्हाई, माजीच चूक, कंपनीवं माजं काय म्हननं न्हाई."

"असा कागद तुम्ही..."

"सही तर येत न्हाई. अंगठा म्हनलं, तर अंगठा कुठाय?" त्याने गोळा वर उचलून दाखवला. "मंग पायाचा घेतला. डाव्या पायाचा. सोपानरावांनीच शाई लावली."

दांडेकरांच्या हातातली पानं तशीच राहिली.

"आता तुमी खरं लिवलं तर काय हुईल? माजा कागुद खोटा ठरंल. मिटवलेलं मोडंल. रंभा घरी बसंल." भैरूच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "चौकशीला हुबं व्हतात तवा बोलला असतात तर येगळं. तवा माजं खरं माज्या कामाचं व्हतं. आता तुमचं खरं तुमच्यापाशी ठिवा, सायेब. आमाला ते परवडत न्हाई."

शालनबाई दारात उभी होती. ती तेवढं एकच बोलली. "च्या घ्याल का?"

त्यांनी चहा घेतला. नाही म्हणायचा धीर झाला नाही. मग पुलावरून चालत परत आले. घरी पोचल्यावर चारुलताबाईंना काय झालं ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि त्याने नको म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं. खरं की नाही?"

पुलावरून येताना, चिंचवडच्या बाजूला पाऊल टाकलं तेव्हा, त्यांच्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं खरं. त्यांना त्याच क्षणाची लाज वाटत होती आणि पत्नीला ते कळलंही होतं. त्यानंतर चारुलताबाई कंपनीच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेल्या नाहीत. घरात भांडण झालं नाही. जेवताना बाटल्यांच्या गोष्टी मात्र बंद झाल्या. आणि दुसऱ्या गोष्टी काही सुरू झाल्या नाहीत.

त्याच वर्षी दांडेकर सेफ्टी ऑफिसर झाले. लाँच भंगारात गेली. कर्णिकांनी सुरक्षेवर एक छापील पुस्तिका काढली, प्रत्येक कामगाराला एक. तिच्या नवव्या पानावर उदाहरण म्हणून लाँचचा प्रसंग होता: 'चालक भैरू आबाजी याने घाबरून उपकरण चुकीचे हाताळले. प्रशिक्षण का आवश्यक, हे यावरून दिसते.' दर तीन महिन्यांनी दांडेकर नव्या लोकांपुढे ती पुस्तिका वाचत. नववं पान आलं की आवाज थोडा खाली जाई, इतकंच. दोन वर्षांत तोही जायचा थांबला.

ऐंशी साली ठरलं की कॅन्टीनच्या बायकांनाही आगीचं शिक्षण द्यायचं. दुपारी तीनला, जेवणाची गडबड संपल्यावर, पंधरा बायका कॅन्टीनच्या बाकांवर बसल्या. दुसऱ्या रांगेत रंभा. हिरवी साडी, ओले हात पदराला पुसत. रोज ती त्यांच्या टेबलावर चहा ठेवून जात असे. दोन वर्षांत दोघांमध्ये 'साखर कमी' याच्यापलीकडे शब्द नव्हता.

दांडेकर आठव्या पानावर आले, वाचलं, आणि दोन पानं एकदम उलटून दहाव्यावर गेले. पहिल्या रांगेत कोपऱ्यात कर्णिक बसले होते. आज ते मुद्दाम बघायला आले होते.

"अहो दांडेकर, एक पान राहिलं," ते हसून म्हणाले. "लाँचचं. तेच तर महत्त्वाचं. बायकांच्या चांगलं लक्षात राहतं तसलं."

दांडेकरांनी नववं पान उघडलं आणि वाचलं. सगळं वाचलं, नावासकट. रंभा समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत बसली होती. तिच्या शेजारणीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिने अलगद बाजूला केला.

वर्ग संपला. बायकांनी हजेरीवर सह्या केल्या. कर्णिक निघून गेले. दांडेकर कागद आवरत असताना रंभा टेबलापाशी आली. बाकीच्या बाहेर पडेपर्यंत थांबली.

"सायेब, एक सांगू?"

"बोल."

"दादांनी मला समदं सांगितलंय. मी काय बोलनार न्हाई, तुमी भिऊ नगा." ती खाली बघून बोलत होती, पण शब्द नीट येत होते. "फकस्त त्यांचं नाव तेवढं घेत जाऊ नगा. हितं आमच्या गावच्या बाया हायती. घरी जाऊन सांगत्यात. मंग लोक दादांना इचारत्यात, घाबरलास व्हय रं म्हून. त्ये हसत्यात नुसतं."

दांडेकरांनी मान हलवली. आणखी काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण तोवर ती चहाचे कप गोळा करायला वळली होती.

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या वर्गापासून ते 'एक चालक' असं म्हणू लागले, आणि पुस्तिका दुसऱ्यांदा छापायला गेली तेव्हा नाव काढून टाकायला लावलं. बाकीचा मजकूर तसाच राहिला.